मामूंची दुर्बीण
(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

संयोजकांनी मला 'पर्यावरण आणि तरुण' असा विषय दिला होता. मी पर्यावरणाचा अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी पक्षी बघायला जातो. त्यामुळे आकडेवारी आणि उपदेश बाजूला ठेवून मी तुम्हाला एका गावाची आणि माझ्या एका चुकीची गोष्ट सांगणार आहे. चूक आधीची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

माझं आजोळ पैठणजवळ आहे. जायकवाडीचं धरण तुम्हाला माहीत आहे. १९६५ साली लाल बहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केलं. नाथसागराच्या पाण्याने शंभराहून जास्त गावांना हात लावला. त्यातल्या एका गावात माझ्या नानांची काळी, नदीकाठची जमीन होती. ती पाण्याखाली गेली आणि घर पुनर्वसनाच्या गावठाणात आलं. जमीन गेलेल्या माणसाच्या मुलाने काय करायचं? मामूंनी सायकलचं पंक्चर काढायचं दुकान टाकलं. पावसाळ्यानंतर पाणी ओसरायला लागलं की ते मासे धरायचे आणि हिवाळ्यात कधीमधी जाळं लावून बदकं. लहानपणी आम्ही ती आवडीने खाल्ली आहेत, हे आधीच कबूल करतो.

१९८६ साली त्या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार हा गुन्हा होताच. पण मामूंच्या घरी हा कायदा कुणी समजावून सांगितला नव्हता. त्यांच्या लेखी एवढंच झालं होतं, की आधी सरकारने जमीन घेतली आणि नंतर पाणीही घेतलं.

कॉलेजात मला पक्ष्यांचा नाद लागला. पुढे नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून मी कॅमेरा घेतला. एका डिसेंबरमध्ये आजोळी गेलो, तर अंगणातल्या खुंटीला दोन तलवार बदकं उलटी टांगलेली. तलवार बदक म्हणजे ती लांब टोकदार शेपटीची, तपकिरी डोक्याची देखणी बदकं. हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे येतात. माझं डोकं फिरलं. मामूंशी मी एक शब्द बोललो नाही. फोटो काढला आणि त्याच रात्री एक सणसणीत मजकूर लिहून फेसबुकवर टाकला.

मला वाटलं होतं की मी पक्ष्यांसाठी बोलतोय. पहिल्या तासाभरात कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी तो फोटो माझ्या ओळखीच्या माणसांच्या बाहेर गेला. कुणाच्या तरी लक्षात आलं की पोस्ट टाकणाऱ्याचं नाव मुसलमानी आहे आणि घरही मुसलमानाचंच आहे. मग बदकं राहिली बाजूला. 'हे लोक असेच' इथपासून सुरू झालेलं बोलणं कुठे गेलं, ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही सगळे ते रोज वाचता. मी पोस्ट काढली, पण फोटो फिरतच राहिला. गावातल्या कुणीतरी अंगण ओळखलं. मामूंना कार्यालयात बोलावणं आलं, दंड झाला, दुकान चार दिवस बंद राहिलं. अम्मीने मला फोनवर एकच विचारलं, "तू आधी त्यांना बोलला होतास का?"

नव्हतो बोललो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची एक सवय असते. चूक दिसली की तिकीट काढायचं, दुसऱ्याच्या नावावर टाकायचं आणि आपलं काम झालं समजायचं. मी मामूंच्या नावावर तिकीट टाकलं होतं, तेही साऱ्या जगासमोर. त्यानंतर मामू माझ्याशी सहा वर्षं बोलले नाहीत. ईदला गेलो की ते सलाम घ्यायचे आणि उठून दुकानात जायचे.

आता त्या गावाकडे येतो. मंगलाजोडी, ओडिशा.

ऑफिसातल्या एका मित्राच्या लग्नासाठी भुवनेश्वरला गेलो होतो. जानेवारी होता. लग्न आटोपल्यावर दोन दिवस हाताशी होते. भुवनेश्वरहून चेन्नईकडे जाणाऱ्या हमरस्त्याने साधारण ७० किलोमीटर गेलं की टांगीच्या जवळ, चिलिका सरोवराच्या उत्तर काठाला हे गाव लागतं. चिलिका म्हणजे आपल्या देशातलं सगळ्यात मोठं खाऱ्या-गोड्या पाण्याचं सरोवर. पावसाळ्यात ते हजार चौरस किलोमीटरच्याही पुढे पसरतं. १९८१ साली भारतातल्या ज्या पहिल्या दोन पाणथळींना रामसर करारात जागा मिळाली, त्यातलं एक चिलिका आणि दुसरं भरतपूर.

पण कागदावरच्या मानाने पाणी वाचत नाही. नद्यांच्या गाळाने चिलिकाचं समुद्राकडचं तोंड बुजत गेलं, खारेपणा कमी झाला, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. १९९३ साली रामसरच्या धोक्यातल्या यादीत चिलिकाचं नाव गेलं. त्याच काळात कोळंबीच्या बंदिस्त शेतीतून पैसेवाले शिरले आणि मच्छीमारांचं पाणी अडवलं जाऊ लागलं. त्या शेतीवर सुप्रीम कोर्टाने १९९६ साली निर्बंध घातले. पुढे २००० साली समुद्राकडे नवं तोंड खोदलं, पाणी खेळू लागलं आणि २००२ साली चिलिकाचं नाव त्या यादीतून निघालं. हे सरकारी यंत्रणेचं, अभियंत्यांचं काम, आणि ते चांगलं झालं. मंगलाजोडीत मात्र जे झालं, ते खोदकामाच्या यंत्राने होण्यासारखं नव्हतं.

हे गाव एके काळी पक्षी मारण्यासाठी प्रसिद्ध होतं. जाळी, बंदुका, विष घातलेलं आमिष, घरट्यांतली अंडी, असं सगळं चालायचं. पक्ष्यांचं मांस आसपासच्या बाजारात आणि ढाब्यांवर जायचं. गावात सांगतात की शेवटी शेवटी पाच-सहा हजार पक्षी उरले होते. आज हिवाळ्यात तिथे लाखांच्या हिशेबात पक्षी उतरतात. आणि त्यांची राखण करतात ते पूर्वीचे शिकारीच.

मी पहाटे साडेपाचला बांधावर पोहोचलो. धुकं होतं. लाकडी, सपाट बुडाची होडी, मोटर नाही. नावाडी मागे उभा राहून लांब बांबू चिखलात रोवतो आणि होडी पुढे ढकलतो. पुढे गाइड. दोन्ही बाजूंना पाणकणीस आणि लव्हाळ्याची भिंत, मधून होडीपुरती वाट. मी कॅमेरा काढला, तर गाइड म्हणाला, "थोडं थांबा. आधी ऐका."

मग ऐकू यायला लागलं. आधी एक बारीक कुजबुज, बाजारपेठ उघडताना लांबून येते तशी. वळण संपलं आणि पाणी उघडं झालं. गॉडविट नावाचे लांब चोचीचे, काळ्या शेपटीचे पक्षी, इतके की उथळ पाणी तपकिरी दिसत होतं. तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक. लाल पायांचे शेकाटे. पानांवरून चालणारे कमळपक्षी. जांभळ्या पाणकोंबड्या तर होडीपासून दोन हातांवर देठ सोलून खात होत्या. जायकवाडीला मी पक्षी पाहिले आहेत, पण दुर्बिणीतून, लांब पाण्यावर काळे ठिपके. माणूस दिसला की ते उठतात. इथे उठत नव्हते. ज्या गावाने त्यांना इतकं मारलं, त्याच गावाच्या होडीला ते घाबरत नव्हते.

तेवढ्यात वरून भोवत्या गेला, दलदलीवर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी, आणि सगळं पाणी एकदम उठलं. हजारो पंखांचा आवाज छातीत वाजतो. मिनिटाभरात सगळे पुन्हा खाली. गाइड हसून म्हणाला, "त्याला घाबरतात. आम्हाला नाही."

गाइड पन्नाशीचा असेल. मी विचारलं, तुम्ही कधीपासून हे काम करता? तो शांतपणे म्हणाला, "पाण्यात लहानपणापासून आहे. आधी मारायचो." लपवाछपवी नाही, रडगाणं नाही. नोकरी बदलल्यासारखं सांगितलं. कुठला पक्षी अंधारात कुठे बसतो, वारा कुठून असला की थवा कुठल्या बाजूने उठतो, कुणाचं घरटं कुठल्या गवतात, हे सगळं त्याला शिकारीमुळे ठाऊक. "तेच ज्ञान आहे," तो म्हणाला, "फक्त काम बदललं."

मी विचारलं, सोडलं कसं? कायद्याची भीती?

"भीती तर आधीपण होती. गार्ड यायचा, आम्ही पळायचो. तो जायचा, आम्ही यायचो."

मग त्याने जे सांगितलं ते असं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात 'वाइल्ड ओरिसा' या संस्थेचे लोक गावात यायला लागले. तेही शेजारच्याच मुलखातले होते. त्यांनी आल्या आल्या पक्ष्यांचं पुराण लावलं नाही. येत राहिले. शिकाऱ्यांच्या घरी बसले, चहा प्यायले, शिव्याही खाल्ल्या. हळूहळू एकेक जण वळला. आणि वळलेल्या पहिल्या माणसांनीच दुसऱ्यांना वळवलं, कारण शिकाऱ्याचं ऐकायचं तर शिकाऱ्यानेच सांगायला हवं. २००० साली गावाने स्वतःची समिती केली, श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती. राखणीच्या पाळ्या लागल्या. पुढे पर्यटन उभं राहिलं, गावाचा इकोटुरिझम ट्रस्ट झाला आणि २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेच्या पुरस्कारांत त्याचा गौरव झाला.

ऐकायला ही सरळ रेषा वाटते. मी गाइडला विचारलं, आता सगळं ठीक आहे ना? त्याने मान हलवली. पाहुणे येतात नोव्हेंबर ते मार्च. उरलेल्या महिन्यांत पुन्हा मासळी आणि मजुरी. सगळ्या घरांना होडीचा पैसा मिळत नाही, आणि ज्याला मिळत नाही त्याने राखण का करावी, हा प्रश्न संपलेला नाही. "दर हिवाळ्यात पुन्हा बोलावं लागतं," तो म्हणाला. "एकदा बोलून माणूस बदलत नाही. मीपण नव्हतो बदललो."

होडी परत फिरली तेव्हा ऊन वर आलं होतं. मी त्याला मामूंची गोष्ट सांगितली. का सांगितली, माहीत नाही. परक्या माणसाला सांगणं सोपं असतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या मामांना पक्ष्यांतलं कळतं?"

मी म्हटलं, "माझ्यापेक्षा जास्त."

"मग ते तुमच्या कामाचे आहेत. तुम्ही त्यांना चोर केलं."

परतीच्या प्रवासात मला सलीम अलींची आठवण येत होती. भारताचा पक्षीपुरुष म्हणून आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो. मुंबईतल्या सुलेमानी बोहरा घरातला, १८९६ साली जन्मलेला मुलगा. आई-वडील लहानपणीच गेले आणि खेतवाडीत मामांकडे वाढला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारीचे शौकीन. दहा-बारा वर्षांच्या सलीमने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नाही, मग कोणती, असं त्याने मामांना विचारलं. मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची चिमणी आहे हे सांगितलं, आणि कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले. तिथून सलीम अली सुरू झाले. पुढे भरतपूर राखण्यासाठी झटलेला माणूस मुळात हातात मेलेली चिमणी घेऊन त्या दारात उभा होता.

हा किस्सा मी कॉलेजात असताना दहा वेळा सांगितला असेल. पण त्यातला मामा मला कधी दिसला नव्हता. त्या मामाला उत्तर माहीत नव्हतं, तरी त्याने प्रश्न मोठा केला. आणि मिलार्डसाहेबांनी मुलाच्या हातातली मेलेली चिमणी बघून त्याला हाकललं नाही. माझ्या गोष्टीत मामा शिकारी होता आणि भाचा शहाणा. पण आमच्या दारात मिलार्ड कुणीच झालं नाही. ते काम माझं होतं.

पुण्याला आलो, एक दुर्बीण घेतली आणि पुढच्या शनिवारी आजोळी गेलो. मामू दुकानात होते. मी दुर्बीण समोर ठेवली. त्यांनी ती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तब कॅमेरा लाया था. अब दुर्बीण लाया."

मी माफी मागितली. तयारी करून गेलो होतो, पण तीन वाक्यांत संपलं. मामू बराच वेळ ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत राहिले. मग म्हणाले, "शिकार केली म्हणून मला राग नव्हता रे. दंड भरला, झालं. पण लोकांनी तुझ्या अम्मीच्या बापाला, माझ्या बापाला शिव्या दिल्या. ज्याची जमीन गेली त्याला. त्या तुझ्यामुळे दिल्या." यावर मला उत्तर नव्हतं. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी स्वतः मला उठवलं. काठावर गेलो. अंधारातच थव्यांचा आवाज येत होता. मामू दुर्बीण न लावता सांगत होते, ही चक्रवाक, रडल्यासारखी ओरडते. हे वारकरी, पाण्यावर धावत उडतात. मी मोबाइलवरच्या ॲपमध्ये आवाज ताडून बघत होतो आणि मामू बरोबर निघत होते. उजाडल्यावर त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डोळा दिसतो याचा." पन्नास वर्षं त्यांनी पक्षी बघितले होते. जिवंत पक्ष्याचा डोळा इतक्या जवळून पहिल्यांदा बघत होते.

मी विचारलं, "मामू, तुम्ही सोडलंत का?" ते म्हणाले, "साहेबांनी बोलावलं त्या दिवशीच सोडलं. भीतीने. भीतीने सोडलेलं माणूस परत धरतो, हे मला माहीत आहे."

दरवर्षी जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. आपल्याकडे ती १९८७ पासून चालू आहे आणि आपल्यासारखे हौशी लोकच ती करतात. या जानेवारीत आम्ही दोघं बसलो. मामूंनी मोजलं, मी लिहिलं. थवा मोजायची त्यांची रीत माझ्यापेक्षा चोख. शिकाऱ्याला अंदाज लागतोच. गावठाणातली दोन पोरं अजून जाळी लावतात. मामू त्यांच्याशी बोलतात. त्यातला एक गणनेला आमच्याबरोबर आला. दुसरा हसला आणि निघून गेला. आमच्याकडे मंगलाजोडीसारखं पर्यटन नाही, होडीचा पैसा नाही, आणि त्या पोराला दुसरं काम काय द्यायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मामू म्हणतात, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बोलू.

आता ही गोष्ट तुम्हाला का सांगितली? आपण इथे जमलेले सगळे आपल्या समाजात काहीतरी बदलू बघतो. मुलींचं शिक्षण असो, लग्नातला खर्च असो, बायकांचे हक्क असोत. ते बोललंच पाहिजे. बाहेरचे आपल्याला शिव्या देतात म्हणून घरातली चूक झाकायची, असं मी अजिबात म्हणत नाही. शिकार चूकच होती, आजही चूकच आहे. पण त्या रात्री मी मामूंशी बोललो नव्हतो, मामूंविषयी बोललो होतो, आणि तेही ज्यांना मामूंचं काही देणंघेणं नाही अशा लोकांशी. मी त्यांच्याबरोबर एक कप चहा प्यायला असता, तर सहा वर्षं वाचली असती. कदाचित काही बदकंही.

शिबिर संपल्यावर घरी जाल, तेव्हा एक करा. तुमच्या गावाजवळ तलाव असेल, धरणाचं पाणी असेल, खाडी असेल. एका पहाटे तिथे जा आणि घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर न्या. पाण्यावर काय आहे ते त्यांना विचारा. तुम्ही सांगायची घाई करू नका. आधी ऐका.